गावावरून वारं

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे मी नक्की काय शिकते, हे घरी सांगायची वेळ आली की माझी पंचाईत व्हायची. इमारती काढतो तो आर्किटेक्ट, एवढं आईला कळलं होतं. पण मी शिकत होते ते इमारतीच्या बाहेरचं. झाडं, उतार, पाणी, वाटा.

"म्हंजे बागकाम?" आई म्हणायची. "ते तर आपन करतोच की गो. त्याला पुन्यात जाऊन ऱ्हायाला कशाला पायजे?"

यावर बाबा हसायचे. त्यांच्या अंगावरून वारं गेल्यापासून त्यांचं हसू डाव्या बाजूलाच उमटायचं, पण उमटायचं.

शेवटच्या वर्षाआधी आम्हाला काही महिने एखाद्या कार्यालयात राहून काम शिकावं लागतं. माझ्या वर्गातल्या मुलींनी ओळखीपाळखीच्या जागा आधीच धरून ठेवल्या होत्या. माझी कुणाशी ओळख नव्हती. गोल्फची मैदानं आखणाऱ्या एका सरांकडे मी घाबरत घाबरत गेले. त्यांनी माझी चित्रं वरवर चाळली, पत्ता मात्र नीट वाचला आणि मान वर केली.

"श्रीवर्धनच्या बाजूची आहेस? मग तुला वारा ठाऊक असेल."

मी "हो, सर" म्हणाले. इतकी वर्षं ज्याच्यामुळे आम्ही दारं लावून घ्यायचो त्याच्यामुळे मला काम मिळालं, असं म्हणता येईल. त्यांचं नवं मैदान होणार होतं ते आमच्याच गावाच्या कडेला, समुद्रालगतच्या पुळणीवर. हे मला तिथे बसल्यावर, भिंतीवरचा नकाशा बघून कळलं. नकाशात आमची खाडी होती, देऊळ होतं, आणि एका कोपऱ्यात हिरव्या ठिपक्यांची एक दाट पट्टी होती. ते सुरूचं बन. त्याच्या मागे, नकाशाच्या कडेबाहेर, आमची वाडी.

दिवाळीनंतर सरांबरोबर मी पहिल्यांदा त्या जागेवर गेले. आगरदांड्याहून गाडी बोटीत चढवली आणि दिघीला उतरेपर्यंत सर कठड्याला धरून उभे राहिले. त्यांचे पांढरे केस उडत होते. तेव्हा त्यांनी मला लिंक्स म्हणजे काय ते सांगितलं. गोल्फची बहुतेक मैदानं बागेसारखी असतात, झाडं लावलेली, तळी खणलेली. लिंक्स तसं नसतं. समुद्र आणि शेतं यांच्या मधे जी वाळूची, खुरट्या गवताची, उंचसखल जमीन असते, जिथे काही पिकत नाही, तिथे ते असतं. तिथे झाडं नसतात. खेळणाऱ्याची गाठ असते ती वाऱ्याशी.

"अशा जमिनीला तुमच्याकडे काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"पुळण," मी म्हणाले.

त्यांनी तो शब्द दोनतीनदा उच्चारून पाहिला. त्यांना तो आवडला. मलाही मग उगाचच आवडला.

सर वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगायला हवं. नाहीतर पुढचं चुकीचं वाचलं जाईल. त्यांनी पुळणीवर एकही यंत्र येऊ दिलं नाही. रोज सकाळी बूट काढून हातात घ्यायचे आणि चालत सुटायचे, मी मागे. "हे उंचवटे वाऱ्यानं केलेत," म्हणायचे. "आपण काही करायचं नाही. त्यानं केलेलं शोधायचं." एखाद्या खळग्यात उतरून ते खाली बसायचे आणि मलाही बसायला लावायचे. तिथे बसलं की समुद्र दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. "इथं चेंडू येऊन थांबेल," ते म्हणायचे. मग मी तिथे बांबू रोवायची आणि त्याला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची.

पट्ट्यांचं काम माझ्याकडे होतं. वारा कुठून येतो, किती येतो, कधी पडतो, ते पट्ट्यांवरून बघायचं. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारी मतलई, अगदी हलकी, पट्टी जेमतेम हलायची. मधे थोडा वेळ काहीच नाही. मग दुपार कलली की खारं वारं सुटायचं आणि पट्ट्या आडव्या ताणून फडफडायला लागायच्या. हे मला जन्मापासून माहीत होतं, पण त्याचा असा कुणाला उपयोग असेल असं वाटलं नव्हतं. सरांनी शिकवलं की सगळे होल, म्हणजे पहिला फटका मारतात तिथपासून चेंडू खड्ड्यात पडतो तिथपर्यंतचे पट्टे, एका दिशेला ठेवायचे नाहीत. एकात वारा तोंडावर घ्यायचा, दुसऱ्यात पाठीवर, तिसऱ्यात कुशीला. म्हणजे सकाळी खेळून गेलेला माणूस दुपारी परत आला तर त्याला वेगळंच मैदान भेटतं. मी ते ऐकताना भान विसरायची. वर्गात कुठलाच विषय मला इतका कळला नव्हता.

रात्री जेवताना मी घरी हे सांगायची. आई ताटात भात वाढता वाढता म्हणायची, "चेंडू मारायचा आनि मग त्याच्यामागं चालत जायाचं? आनि ह्याला पैशेवाले येनार?"

बाबा मात्र ऐकायचे. एकदा, सगळं ऐकून झाल्यावर, त्यांनी विचारलं. त्यांचं बोलणं सावकाश यायचं, एकेक शब्द पाण्यातून वर काढल्यासारखा. मधेच आई वाक्य पुरं करायची तर ते डोळे मोठे करायचे.

"बाय," ते म्हणाले. "सुरूची झाडं... ऱ्हातील ना?"

मी म्हटलं, विचारते.

हे का विचारलं ते आमच्याकडे कुणालाही सांगावं लागणार नाही, पण बाहेरच्यांना सांगते. काही वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या वादळात आमची जुनी पोफळींची वाडी एका दुपारी आडवी झाली. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, उंच, सडपातळ. वाकतं पण किती वाकणार. सगळी वाडी झोपली होती आणि आम्ही त्यातून वाट काढत विहिरीपर्यंत गेलो होतो. त्यानंतर बाबांनी नवी रोपं लावली. रोपं लावून झाली आणि मग त्यांच्या अंगावरून वारं गेलं. सुपारी धरायला पोफळीला बरीच वर्षं लागतात. आता कुठे त्या माझ्यापेक्षा उंच झाल्या होत्या आणि पुढच्या एकदोन वर्षांत काहींना पहिली शिपुटं, म्हणजे सुपारीचे घोस, धरतील अशी आशा होती. बाबा रोज एका हाताने त्यांचं शिपणं करायचे, पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात सोडायचे. त्या कोवळ्या झाडांना खाऱ्या वाऱ्यापासून वाचवणारं एकच होतं, ते पुढचं सुरूचं बन. बन आमचं नव्हतं, सरकारी होतं, बाबा लहान असताना लावलेलं. आता ते कागदोपत्री मैदानाच्या हद्दीत गेलं होतं.

सरांना विचारायला मला बरेच दिवस लागले. रोज ठरवायची आणि रोज दुसरंच काहीतरी बोलायची. शेवटी पुण्याच्या कार्यालयात, मातीच्या प्रतिकृतीसमोर, विचारलं. त्या प्रतिकृतीत सगळी पुळण होती. प्रत्येक खळगा आम्ही बोटांनी दाबून केला होता. सुरूचं बन जिथे असायला हवं होतं तिथे गुळगुळीत माती होती, आणि तिच्यावरून एक लांब होल समुद्राकडे जात होता.

"सर, इथली झाडं..."

"हं?"

"त्याच्या मागे वाड्या आहेत. पोफळीच्या. लहान आहेत अजून."

सर खुर्चीवर नीट बसले. "बोल ना. तुमची आहे?"

"आमची पण आहे."

त्यांनी खुर्ची प्रतिकृतीजवळ ओढली. मग म्हणाले, "तू दाखव मला. झाडं ठेवून हा होल कसा जाईल, तू आखून दाखव."

इतकं कुणी मला कधी दिलं नव्हतं. पुढचे काही दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. मी तो होल बनाच्या पुढून, किनाऱ्याला समांतर वळवला. बन पाठीशी राहिलं. चेंडू जिथे शेवटी पोचायचा, ते ग्रीन, ते मी एका खळग्यात बसवलं. सर तिथे कधी गेले नव्हते, मी मात्र लहानपणी तिथे लपायची.  मला वाटलं, हे झालं तर काहीतरी झालं.

सरांनी ते पाहिलं. वाकून, एक डोळा मिटून, जमिनीच्या पातळीवरून पाहिलं.

"ही जागा तू शोधलीस?" त्यांनी ग्रीनवर बोट ठेवलं. "अप्रतिम आहे. हे मी घेणार."

मला आनंद झाला. खरंच झाला.

"पण बघ," ते म्हणाले, "इथं वारा बनाला आपटतो आणि मागे फिरतो. भोवरा होतो. चेंडू कुठं जाईल हे खेळणाऱ्याला कळणार नाही. वारा कितीही असू दे, तो वाचता आला पाहिजे. आणि बनाच्या जवळ गेलं की तो पडतोच. पडलेल्या वाऱ्याचं लिंक्स होत नाही."

"एक रांग ठेवली तर?"

"जुने सुरू खालून उघडे असतात. एका रांगेतून वारा तसाच जाईल. तुला उगीच समाधान." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि मी ठेवली तरी ते ठेवणार नाहीत गं. त्यांना हॉटेलच्या खिडकीतून समुद्र हवाय."

ते म्हणजे ज्यांचं मैदान होतं ते. त्यांना मी कधी पाहिलं नाही. सर त्यांच्याशी फोनवर बोलायचे तेव्हा खुर्चीतून उठून उभे राहायचे, एवढंच मला माहीत आहे.

शेवटी उरली ती गावची बैठक. मैदानाबद्दल गावाला सांगायचं, गावाचं ऐकून घ्यायचं, असं ठरलं होतं. सरपंचांनी सांगितलं होतं की कुणाची हरकत असेल तर तिथे बोला, लिहून पुढे पाठवू. सुरूबद्दल सगळ्यांच्याच मनात होतं, पण बोलायचं कुणी? शेजारची काकी म्हणाली, "भाऊजी बोलतील. त्यांचं ऐकतात लोक." काकीची वाडी आमच्या वाडीला लागून, तिच्याही पोफळी तेवढ्याच लहान.

बाबांनी बोलायचं ठरलं. मग मी रोज सकाळी ऐकायची. वाडीत, विहिरीच्या कडेला, एका पोफळीला डावा हात लावून ते उभे असायचे आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे. "सुरूची झाडं... तोडू नका. आमची पोफळं... लहान हायत." 'पोफळं'वर अडायचे. 'फ' निघायचा नाही, नुसता वारा निघायचा. मग थांबून पुन्हा. आईला सांगितलं होतं, मधे बोलायचं न्हाय.

शिमगा नुकताच झाला होता. शाळेच्या पडवीत बैठक भरली. पुरुष प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. बाबांना पुढे खुर्ची दिली. मी सरांच्या शेजारी, नकाशा धरून. गावातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं. शाळेत याच पडवीत मी प्रार्थना म्हणायला उभी राहायची.

सरांना गावाशी गावच्यासारखं बोलायचं होतं. येताना गाडीत त्यांनी मला विचारलं होतं, "इथं वारा म्हणतात की वारं?" मी सांगितलं, "वारं." ते त्यांनी मनाशी धरलं असावं. सुरुवात छान केली. पुळणीचं कौतुक केलं, तिला धक्का लावणार नाही म्हणाले. लोक माना हलवत होते. मग त्यांनी हात हवेत फिरवला, समुद्राकडून डोंगराकडे, आणि मोठ्याने, अगदी मनापासून म्हणाले,

"आमची इच्छा एकच आहे. तुमच्या ह्या गावावरून वारं गेलं पाहिजे!"

पडवी गप्प झाली. सरांना वाटलं ऐकू गेलं नाही. ते पुन्हा म्हणाले, "चांगलं जोरात गेलं पाहिजे!"

"अगो बाय माजे!" काकी सतरंजीवरून उठलीच. "ह्यो मानूस काय बोलतोय? गावावरून वारं जाऊ दे म्हनतोय! जोरात! तुज्यावरून जाऊ दे रे मेल्या!"

"काकी, तसं नाही," मी म्हणाले. 

"मग कसं? तू सांग, तू शिकलेली हायस ना! हेच शिकवलंस का त्याला?"

"हिच्याच तोंडून आलंय ते," मागून कुणीतरी म्हणालं. "साहेबाला काय ठावं? पोर गावची, आनि..."

"बापाकडं बघून तरी बोलायचं व्हतं."

सर माझ्याकडे बघत होते. "काय झालं? काय म्हणालो मी?" ते हळूच विचारत होते, आणि गोंधळात मी त्यांना काही सांगू शकत नव्हते. कसं सांगणार? आमच्याकडे माणसावरून वारं जातं ते एकदाच जातं आणि मग तो अर्धा राहतो. पुण्यातही असंच म्हणत असतील, पण त्यांच्या ते ध्यानात नव्हतं. ते खऱ्याच वाऱ्याबद्दल बोलत होते. मागचे लोक उभे राहायला लागले. मला नकाशाच्या कागदाच्या मागे तोंड घालावंसं वाटत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्या गावाने पाहिलं.

तेवढ्यात बाबांनी हात वर केला. डावा. लोक थांबले. काकी खाली बसली. सगळ्यांना वाटलं, आता बोलणार. मलाही वाटलं.

बाबा उठले नाहीत. बसूनच, एकेक शब्द सोडवत म्हणाले,

"काय... घाबरू नका रं. माज्यावरून... गेलंय. येवढं काय... न्हाय होत." मग खुर्चीवर हात आपटून, "बसायला खुर्ची मिळते. पुढची!"

क्षणभर कुणाला हसावं की नको कळेना. मग एक म्हातारा फिसकन हसला आणि त्याच्यामागे सगळी पडवी हसली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. काकीसुद्धा हसली, "भाऊजी म्हंजे ना!" म्हणत. सरांना कुणीतरी अर्थ सांगितला. त्यांनी कान पकडले, बाबांपुढे येऊन वाकून नमस्कार केला. बाबांनी त्यांच्या पाठीवर डावा हात ठेवला. लोकांना ते फार आवडलं. सरपंच म्हणाले, "चला, चला, चहा घ्या गरम गरम." चहा आला. चहाबरोबर कुणीतरी विचारलं, आमच्या पोरांना काम मिळेल का? सर म्हणाले, मिळेल, गवत राखायला माणसं लागतील, खेळणाऱ्यांच्या पिशव्या उचलायला लागतील. मग सगळे तेच विचारायला लागले. एकाने विचारलं चेंडू समुद्रात गेला तर कुणाचा? त्यावर पुन्हा हशा.

मी वाट बघत होते. बाबांच्या हातात चहाचा कप होता. काकीने एकदा त्यांच्याकडे बघून भुवया उडवल्या. बाबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण त्या विनोदाच्या बोलण्यातच त्यांची सगळी ताकद गेली होती. 'सु' निघाला आणि पुढे काही आलं नाही. आई म्हणाली होती मधे बोलणार नाही म्हणून, ती बोलली नाही. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, पण मी ज्या बाजूला उभी होते त्या बाजूने ते कसं म्हणायचं हे मला कळेना. सरपंचांनी विचारलं, "कुनाची हरकत?" लोक चहा पीत होते.

घरी जाताना काकी वाटेत थांबली.

"तुमी बोलनार व्हतात ना वो भाऊजी?"

"बोललो... की," बाबा म्हणाले.

ती पुढे निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे होतो.

"बाबा, का नाही बोललात?" मी विचारलं. मला रडू येत होतं आणि रागही.

ते वाडीची आकडी उघडून आत आल्यावर म्हणाले, "तुज्यावर... धावलीवती सगळी. तुजं त्वांड... बघवंना, बाय."

सुरू तोडले तेव्हा मी पुण्यात होते. आईने फोनवर आवाज ऐकवला, करवतीचा, मधमाश्यांसारखा. मी घरी आले तेव्हा बन नव्हतं. गावातल्या सगळ्यांनी फांद्या नेल्या होत्या. कंत्राटदाराने खोडं नेली, फांद्या न्या म्हणाला. आईनेही आणल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या न्हाणीच्या चुलीत सुरूच जळत होता, आणि त्या कढत पाण्याने आई बाबांना अंघोळ घालायची. लाकूड चांगलं जळतं, धूर करत नाही.

आमच्या पडवीतून समुद्र दिसायला लागला. आजवर आम्ही तो ऐकलाच होता. मुंबईचे पाहुणे आले ते म्हणाले, काय नशीबवान आहात. काकी कुंपणाजवळून म्हणाली, "आता खोल्या काढा गो भाड्यानं. शिकलेली पोर हाय, पाटी रंगवील." पण ती रागावून म्हणाली नाही. तिचा राग संपला होता, ते जास्त वाईट वाटलं.

वारं आलं ते सरळ आलं. पहिल्या रांगेतल्या पोफळींच्या झावळ्या आधी टोकाला तांबूस झाल्या, मग कडांनी. खार लागली की पान जळल्यासारखं दिसतं, पण जळल्याचा वास नसतो. आम्ही झापांचा आडोसा केला. विणलेल्या नारळाच्या झावळ्यांना झाप म्हणतात. तो माझ्या डोक्याइतका झाला आणि पोफळी त्याच्या वर होत्या. सरांना मी सांगितलं. ते स्वतः आले. आईने कोकम सरबत दिलं. ते पोफळीजवळ गेले, एक झावळी खाली ओढून तिच्या टोकावरून अंगठा फिरवला, अंगठा चाखून पाहिला. "हं," एवढंच म्हणाले. बाबांनी त्यांना बसायला स्वतःची खुर्ची पुढे केली. सर बसले नाहीत. पुढच्या आठवड्यात मैदानाच्या लोकांनी हिरवी जाळी पाठवली, बांबूला बांधायची. चांगलं वारं सुटलं तशी ती मधोमध फाटली आणि काकीच्या विहिरीत जाऊन पडली.

मैदान सुंदर होतंय. हे मला लिहायला हवं, कारण ते खरं आहे. गवत धरलंय. माझं ग्रीन त्या खळग्यात बसलंय. तिथे उभं राहिलं की मी कॉलेजात दाखवलेल्या चित्रापेक्षाही ते बरं दिसतं. परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, या जागेचं सगळ्यात मोठं बलस्थान कोणतं? मी म्हणाले, वारा. त्यांनी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. सर म्हणालेत, पदवी झाली की ये, जागा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही असंही म्हणता येत नाही. आईबाबांना पुण्याला न्यायचं, बाबांना चांगल्या डॉक्टरांना दाखवायचं, हे सगळं त्या कामातूनच होणार आहे, हे मला कळतं. बाबांना मी विचारलं तर ते म्हणाले, "जा की."

हे लिहितेय तो पुढच्या वर्षीच्या वैशाखाचा शेवट. आत्ताच वाडीतून आले. संध्याकाळी आई पंप चालू करते आणि आम्ही नळीने झावळ्या धुतो, गोड्या पाण्याने, खार उतरावी म्हणून. खालच्या धुवून होतात. वरच्या, जिथे नवा कोंब सुटतो आणि जिथे जपायला हवं, तिथपर्यंत पाणी पोचत नाही. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार थोडी वर जाते, पण वारं तिला वळवतं आणि ती आमच्याच अंगावर येते. आई म्हणते, पाऊस लागला की धुऊन जाईल. ते खरंच आहे. पावसानंतर काय, ते ती म्हणत नाही, मी विचारत नाही. बाबा विहिरीच्या कठड्यावर बसून सांगत असतात, ह्याला घाल, त्याला घाल. बोट दाखवतात, बोलत नाहीत.

आज धुताना सरांचा फोन आला. ओल्या हातानेच घेतला. नव्या होलवर उद्या मालकांचे पाहुणे खेळून बघणार होते.

"वारा कसा आहे आत्ता?" त्यांनी विचारलं.

"चांगला सुटलाय, सर."

"कुठून?"

मी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले, दिशा नीट बघितली, आणि सांगितली. सर "छान" म्हणाले. आईने नळी माझ्या हातात दिली आणि ती पुढच्या झाडाकडे गेली.